कँडी येथे दहा दिवस दूरध्वनीवर उपलब्ध नसण्याबाबत

दिनांक : २७ जानेवारी २०२६

प्रति,
मा. अधीक्षक (आस्थापना),
नागरी जलतक्रार नियंत्रण कक्ष,
परळ, मुंबई.

विषय : श्रीलंका प्रवासाच्या मंजूर रजेला जोडून ध्यानशिबिरासाठी बारा दिवसांची वाढीव रजा मिळणेबाबत, तसेच तक्रार क्र. ४११७ तूर्त बंद न करणेबाबत.

संदर्भ : १) परदेश प्रवास परवानगी, नोव्हेंबर २०२५.
२) आपले त्रुटीपत्र, दि. २१ जानेवारी २०२६.

महोदय,

१. मी, सरोजिनी रमाकांत वायंगणकर, दूरध्वनी चालक, गेली तेवीस वर्षे आपल्या कक्षात सकाळच्या पाळीला तक्रारी नोंदवते. पाणी आले नाही, गढूळ आले, वास येतो, पाइप फुटला. शिक्षण दहावी. कार्यालयीन मराठी मी इथल्याच जुन्या फायली वाचून शिकले, तेव्हा अर्जात काही चुकल्यास तो फायलींचा दोष समजावा.

२. माझ्या पतींनी निवृत्त झाल्यावर आम्हा दोघांसाठी श्रीलंकेची सहल ठरवली, दि. १२ ते १८ फेब्रुवारी. त्याआधी आमची मजल गणपतीपुळ्यापर्यंत. आपण नोव्हेंबरात परवानगी दिलीत. दि. ९ डिसेंबर रोजी पती वारले. सहल मी रद्द केलेली नाही. कार्यक्रमपत्रिकेत चौथ्या दिवशी "कँडी, दुपारी तीन तास मोकळे" असे छापले आहे. त्यापुढे त्यांनी पेन्सिलीने लिहिले आहे, "इथे सरोजला गप्प बसू द्यावे." घरीसुद्धा मी फोनवर असल्यासारखी बोलते, अशी त्यांची तक्रार होती. ती त्यांनी कुठे नोंदवली नव्हती. तीन तासांत माझे काही व्हायचे नाही, म्हणून सहलीचे लोक परतल्यावर कँडीजवळच्या एका बौद्ध ध्यानकेंद्रात दहा दिवसांसाठी नाव घातले आहे.

३. आता आपल्या त्रुटी.

"सोबत जाणारी व्यक्ती" या रकान्यातील खाडाखोडीवर सही नाही. पतींचे नाव मी एका रेघेने खोडले होते. आता त्या रेघेवर सही केली आहे. माझ्या नावामागचे "सौ." आपले लिपिक श्री. हितेंद्र यांनी स्वतःच्या पेनने "श्रीमती" केले, खाली बघत. त्यावरही सही केली आहे.

प्रवासाचे कारण. छापील पर्याय पाच : पर्यटन, उपचार, नातेवाईक भेट, धार्मिक, इतर. मी "इतर" वर खूण केली. ध्यानशिबीर म्हणजे धार्मिक, तर मग आपण बौद्ध आहात काय, अशी विचारणा झाली. मी नाही. आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत शेजारच्या खोलीतल्या कमलताई आहेत, त्यांनीच ही वाट दाखवली. त्यांचे म्हणणे असे : "सरू, तिकडं जाऊन बस. दहा दिवस तुला कुणी विचारणार नाय, जेवलीस का, झोपलीस का, रडलीस का." शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "अजून नाही" असे आहे. घरी भेटायला आलेल्या माणसांना मी दारातच "नमस्कार, बोला" म्हणाले. सगळे म्हणाले, खंबीर आहे. मला काहीच होत नाही, एवढीच माझी अडचण आहे, आणि ताप नसल्याने ती वैद्यकीय रजेत बसत नाही.

असली शिबिरे इगतपुरीलाही होतात, परदेश कशाला, असा शेरा आहे. शेरा रास्त आहे. परंतु इगतपुरीला आजूबाजूचे मराठी बोलतील, मला कळेल, आणि कळले की माझा हात पेनाकडे जातो. सिंहली मला येत नाही.

परदेशात रोज संपर्क होईल असा क्रमांक. तिथे पहिल्याच संध्याकाळी फोन जमा करून घेतात. बोलायचे नाही, लिहायचेही नाही. व्यवस्थापकांचा क्रमांक जोडला आहे. कक्षातले काही अडल्यास त्यांना विचारू नये, त्यांना परळची पाइपलाइन ठाऊक नाही.

४. चौथी त्रुटी अशी की, स्वतःच्या नावावर प्रलंबित तक्रार असताना वाढीव रजा देता येत नाही, आणि माझ्या नावावर तक्रार क्र. ४११७ उघडी आहे. तिचा खुलासा आजवर कुणी लेखी मागितला नव्हता, तो सादर करते.

दि. ९ डिसेंबर, सकाळी ११ वाजून ४० मिनिटे. पाळीत आमचे मोबाइल कपाटात असतात, हे आपणांस विदित आहेच. चाळीतल्या प्रत्येकाला आपल्या कक्षाचा क्रमांक पाठ आहे. कमलताईंनी त्यावर फोन केला. म्हणाल्या, "सरू, भावजी उठत नाहीत गं." मी आवाज ओळखला होता. तरी माझे तोंड म्हणाले, पत्ता सांगा. त्यांनी माझाच पत्ता मला सांगितला. तक्रारीच्या प्रकारात काही बसेना म्हणून मी "इतर" दाबले. मग म्हणाले, आपली तक्रार नोंदवली आहे, क्रमांक लिहून घ्या, चोवीस तासांत कर्मचारी येईल. कमलताईंनी क्रमांक आमच्याच दिनदर्शिकेवर लिहून घेतला. मी पुढचा फोन घेतला. प्रभादेवीला पाणी कमी दाबाने येत होते. तोही नोंदवला, मग उठले.

तेराव्या दिवशी चहाचा कप हातात देताना कमलताई एवढेच म्हणाल्या, "बाई, नंबर तर दिलास. आता माणूस पाठव." त्या हसल्या, मीही हसले. त्या रडल्या. मी कप विसळला.

दर सोमवारी संगणक मला आठवण पाठवतो. काल प्रजासत्ताक दिनाची सुट्टी होती, कक्षात मोजकीच माणसे होती, आठवण मात्र वेळेवर आली : प्रलंबित दिवस ४८.

५. तक्रार बंद करताना संगणक तीनच शेरे घेतो : "काम पूर्ण", "पत्ता सापडला नाही", "तक्रारदार समाधानी". श्री. हितेंद्र यांनी भलेपणाने सुचवले की, मॅडम, मी तिसरे दाबतो, तुमची रजा मोकळी होईल, कुणाला कळणारही नाही. मीच त्यांचा हात धरला. त्यांच्यावर कारवाई करू नये. तेवीस वर्षांत खोटा शेरा मारून मी एकही तक्रार बंद केलेली नाही, आणि ही पहिली असावी असे वाटत नाही. पहिले दोन शेरेही मी लावून पाहिले. बटणापर्यंत बोट गेले, पुढे गेले नाही.

६. सबब विनंती की, दि. १९ फेब्रुवारी ते २ मार्च अशी रजा मंजूर व्हावी. दि. ३ मार्चला सकाळच्या पाळीला मी हजर होईन, आणि ४११७ मीच बंद करीन. कोणत्या शेऱ्याने ते आज सांगता येत नाही, त्यासाठीच जात आहे. तोवर ती दुसऱ्या कुणाच्या नावावर वर्ग करू नये. माझ्या मागे त्या क्रमांकाची चौकशी आल्यास, कमलताई करणार नाहीत, पण आल्यास, काम चालू आहे, असे सांगावे.

आपली नम्र आणि अद्याप लाइनवर असलेली,

(सही)
सरोजिनी रमाकांत वायंगणकर
दूरध्वनी चालक, सकाळ पाळी

सोबत :
१) खाडाखोडीवर सही केलेला मूळ अर्ज
२) ध्यानकेंद्राचे प्रवेशपत्र व व्यवस्थापकांचा क्रमांक
३) सहलीची कार्यक्रमपत्रिका, पान २ (झेरॉक्समध्ये पेन्सिल उमटलेली नाही. मूळ प्रत दाखवीन, परंतु जमा करणार नाही.)