हिरव्या नळीचा बकरा

३ फेब्रुवारी

चिमणीने आज जिन्यात गाठलं. मी वर येत होते, दोन्ही हातांत बड्या साहेबांच्या फॅशन शोचे बूट, आणि ही मधल्याच पायरीवर ठाण मांडून बसलेली! चिमणी म्हणजे मावशीची धाकटी. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून चिमणी. आता स्वतः कपडे डिझाइन करते, स्वतः शिवते, आणि तरीही एका जागी टिकत नाही.

"ताई, माझा पहिला शो. नवीन डिझायनरांच्या यादीत नंबर लागला. स्टायलिंग तू कर."

म्हटलं, बाई गं, त्याच संध्याकाळी साहेबांचा शो आहे, त्याचं स्टायलिंग माझ्याकडे. एवढ्या मोठ्या डिझायनरला एकदा नाही म्हटलं की तो आपलं नाव विसरतो. दुसरी कुणी बघ.

तर मान खाली घालून म्हणते, "मग राहू दे. तसाही हा शेवटचाच."

का, तर मावशीने बजावलंय म्हणे! या शोतून एखाद्या दुकानाची ऑर्डर आली तर ठीक, नाहीतर शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात नोकरी. ओळखीने जागाही धरून ठेवलीय. जन्मभर निळ्या चड्ड्या आणि पांढऱ्या कॉलरी! "आईकडे विषय काढू नकोस हं ताई. तिचं बीपी वाढतं."

बीपी तिचं वाढतं? माझं वाढलं! मावशी अशी निघेल असं स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

४ फेब्रुवारी

साहेबांना नाही म्हणून कळवलं. ते फक्त "बरं" म्हणाले.

६ फेब्रुवारी

चिमणीच्या खोलीवर गेले. खोली कसली, कोंडवाडा! खिडकीला मशीन, मधोमध कपड्यांचा दांडा, पलंगावर कापडाचे तुकडे, चहात दोरा. कुठे झोपतेस विचारलं तर म्हणे, "तुकडे बाजूला करून."

कपडे बघितले. बरे आहेत. दोन-तीन चांगले आहेत. एक परकराएवढा घेर घेऊन उगाच मिरवतोय, त्याला कापू. मग सगळ्यात शेवटी तिने भिंतीकडे तोंड करून टांगलेला कोट काढला.

काय सांगू! साय असते ना, त्या रंगाचं जाडं सुती कापड. खांद्याला शिवणच नाही — बाही आणि पाठ एकाच तुकड्यातून उतरलेली. बटण एकच, तेही आतून. अंगात घातला तर माझ्यासारख्या ठेंगणीलासुद्धा कुणीतरी असल्यासारखं वाटायला लागलं. आरशासमोरून हलवेना.

चिमणी नखं खात उभी. "ओका-बोका वाटतो ना?"

मी "हं" म्हटलं. इतकंच! मुद्दामच. या मुलीची कुंडली मला पाठ आहे. मागे एकदा तिच्या एका झग्याला मी तोंड भरून चांगलं म्हटलं, तर बाईसाहेब इतक्या घाबरल्या की दुसऱ्या दिवशी त्याला घुंगरू लागले होते! चांगलं म्हटलं की हिला वाटतं, आता आणखी चांगलं करायला हवं. कोटावरही मणी, लेस, खिसे, सगळी चित्रं काढून ठेवली आहेत. मी बघितली. अंगावर काटा आला.

तेव्हा आपला जुना उपाय. बकरा!

हा धंद्याचा भाग आहे आणि मी तो कुणालाही शिकवत नाही. डिझायनर नवा असला की त्याला काहीतरी नाकारायचं असतंच. नाकारल्याशिवाय आपण मालक आहोत असं त्याला वाटत नाही. म्हणून आपण प्रत्येक कपड्यावर एक भयाण वस्तू चढवायची. तो ओरडतो, "हे काय, काढ!" आपण तोंड पाडून काढायचं. बळी दिला, देव शांत. बाकी सगळं आपल्या मनासारखं राहतं. बड्या साहेबांवरही चालतं हे. त्यांना तर दोन बकरे लागतात.

८ फेब्रुवारी

फिटिंग. मॉडेल सगळ्या नव्या. त्यातली एक इतकी उंच की दारातून येताना वाकली — जिराफ! पहिलाच शो आहे पोरीचा. चालते अशी, की पुढे कुणीतरी तिची पर्स घेऊन पळतंय. एकही बूट पायात जाईना. शेवटी माझ्या भावाचे पांढरे कॅनव्हास मागवले. छान दिसतात. त्याला सांगितलेलं नाही.

बकरे मस्त चालले. काळ्या झग्यावर प्लास्टिकच्या द्राक्षांची कानातली. "शी ताई, काढ!" काढली. निळ्या पँटवर आंघोळीची टोपी. "काहीतरीच!" काढली. प्रत्येक वेळी मी असा काही सुस्कारा सोडला की नाटकवाल्यांनी घरी न्यायला यावं.

त्या मिरवणाऱ्या घेरावर मी पिसांचा पंखा लावला. तिने पंखा काढला आणि वर घेरही कमी केला. एका बकऱ्यात दोन कामं!

९ फेब्रुवारी

घात झाला.

आज कोटाची पाळी. कोट जिराफला दिलाय. तिच्यावर तो असा पडतो की बघत राहावं. म्हणून बकराही तसाच दांडगा हवा होता. बागेला पाणी घालायची हिरवी नळी आणली, कमरेला दोन वेढे दिले, पुढे गाठ मारली, तोंडाची पितळी तोटी खाली लोंबती ठेवली. इतकं घाण दिसत होतं! मला स्वतःला हसू आवरेना, म्हणून खाली बसून उगाच बुटाची नाडी बांधली.

चिमणी आली. बघितलं. एक फेरी मारली. मग उलटी फेरी मारली.

"राहू दे," म्हणाली.

"काय राहू दे?"

"नळी. ताई, तू ना… मला सुचलंच नसतं कधी!"

१० फेब्रुवारी

रडत नाहीये. लिहितेय.

आज नळी आणखी वाईट केली. एक वेढा गळ्यातून घेतला, वर लाल चिकटपट्टी. वाटलं, आता तरी किंचाळेल. तर टाळ्या वाजवल्या! म्हणे लेस-मण्यांची आता गरजच नाही. म्हणजे कोट मण्यांपासून वाचला आणि नळीच्या तोंडी गेला.

११ फेब्रुवारी

नळी कमी पडते, आणखी आण म्हणाली. दुकानदाराने प्रेमाने विचारलं, "बाग केवढी आहे?"

१२ फेब्रुवारी

जिराफला फितवायला गेले. केळी दिली, बिस्किटं दिली, म्हटलं, "तुला टोचते ना गं नळी? जड होते ना? तसं सांग चिमणीला." बया केळी खात म्हणते, "नाही हो, उलट बरी. हातांचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. आता तोटी धरते."

शोचे सूत्रधार शिट्टीवाले — सगळ्यांना शिट्टीवर नाचवतात म्हणून — तेही डोकावून गेले. नळी बघितली आणि छातीला हात लावला. "धाडस आहे!" कुणाचं धाडस? माझं मरण आहे!

सरळ सांगावं का? पण काय सांगू? की बाई, गेली कित्येक वर्षं मी तुम्हा लोकांना असंच गुंडाळते? आणि चांगला आहे म्हटलं आणि तिने पुन्हा घुंगरू काढले तर? आणि ऑर्डर आली नाही तर त्या निळ्या चड्ड्या आहेतच. त्याही माझ्या नळीमुळे!

झोप नाही. चिडचिड मात्र भरपूर.

१४ फेब्रुवारी

मावशीचा फोन. "उद्या काय नेसू गं? पुढच्या रांगेत बसवशील ना मला?" वा! एकीकडे पोरीचे पंख छाटायचे आणि दुसरीकडे पुढच्या रांगेत बसायचं! "काहीही नेस," म्हटलं आणि ठेवला. तिला लागलं असेल. लागू दे.

१६ फेब्रुवारी

काल शो झाला. काल लिहायचं त्राणच नव्हतं. आता सगळं लिहिते.

पडद्यामागे नेहमीचा गोंधळ. वाफेची इस्त्री फुसफुसतेय, कुणाची चेन अडकलीय, कुणी एकच बूट घेऊन फिरतेय, केसवाला आणि मेकअपवाली एकाच डोक्यासाठी भांडतायत. शिट्टीवाले दर मिनिटाला "शांतता!" म्हणून सगळ्यात मोठा आवाज करत होते. फटीतून बघितलं तर पुढच्या रांगेत मावशी नटून-थटून बसलेली, शेजारणीला काहीतरी सांगत हसतेय. मी मानसुद्धा हलवली नाही.

एकेक कपडा बाहेर जात होता. टाळ्या बेताच्या. वाईट नाही, पण बेताच्या. चिमणी माझ्या शेजारी, ओठ पांढरे. सगळ्यात शेवटी जिराफ पुढे आली. साईसारखा कोट, वर हिरवे वेटोळे, हातात तोटी. आग विझवायला निघालेला बंब!

आणि माझ्याने राहवेना.

"काढ ती नळी!" मी ओरडले. "मेली मी मुद्दाम लावली होती! तू काढशील म्हणून लावली होती! कोट इतका सुंदर आहे गं मूर्खे, मला भीती होती तू त्याची वाट लावशील. इतक्या वर्षांत इतका चांगला कोट मी बघितलेला नाही. बड्या साहेबांकडेसुद्धा नाही! ऐकतेयस ना? नाही!"

शिट्टीवाल्यांनीही ऐकलं. सगळ्यांनीच ऐकलं. इस्त्रीसुद्धा फुसफुसायची थांबली.

चिमणी माझ्याकडे बघत राहिली. मग तिचे डोळे भरले आणि त्याच वेळी ही बया हसायला लागली.

"हुश्श! एकदाची बोललीस. किती दिवस वाट बघायची माणसाने?"

म्हणजे हिला माहीत होतं! द्राक्षांच्या वेळीच कळलं होतं म्हणे. "ताई, तुझी नजर खरंच इतकी वाईट असती तर तुला कुणी काम दिलं असतं का? पण कोट बघून तू नुसतं 'हं' म्हणालीस. बाकीच्यांचं सोड, मला तुझ्याकडून ऐकायचं होतं."

"आणि मी बोललेच नसते तर?"

"तर नळीसकट पाठवला असता. समजले असते, कोट तेवढ्याच लायकीचा आहे."

तोवर तिने गाठ सोडलीसुद्धा. आम्ही दोघींनी दोन बाजूंनी नळी ओढली, जिराफ भोवऱ्यासारखी फिरली, आणि शिट्टीवाल्यांनी तिला तशीच बाहेर ढकलली. हातांचं काय करायचं ते न कळून पोरीने ते कोटाच्या बाह्यांत आत ओढून घेतले. आणि पहिल्यांदाच सावकाश चालली.

मग टाळ्या आल्या. बेताच्या नाहीत. चिमणीने माझा दंड इतका घट्ट धरला की आज निळा पडलाय.

शो संपल्यावर एका दुकानाची मालकीण मागे आली. करडे केस, गळ्यात लटकता चष्मा. तिने कोट आतून बाहेर उलटला, शिवणीवरून बोट फिरवलं, बटण लावलं-काढलं. मग विचारलं, "हा तीन मापांत देता येईल?" मी म्हटलं, "येईल." आणि चिमणीच्या पायावर पाय दिला, कारण ती खिसे लावण्याबद्दल तोंड उघडणार होती.

१७ फेब्रुवारी

ऑर्डर पक्की! चिमणीने घरात येऊन मला गरगर फिरवलं. गणवेशाचं संकट टळलं. भावाने बूट ओळखले, त्याचं भांडण वेगळं.

साहेबांचा फोन नाही. येणारही नाही. वाईट वाटतं थोडं, खोटं कशाला लिहू? पण तो कोट बाहेर गेला तेव्हा मी पडद्यामागे होते. बास.

२० फेब्रुवारी

मावशीचा फोन. पोरीच्या कौतुकाने नुसती वाहत होती. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आता तरी ते गणवेशाच्या कारखान्याचं डोक्यातून काढ!"

"कसला कारखाना गं? मी तर तिच्या मागे लागलेय, नोकरीबिकरीचं मनात आणू नकोस, माझी मोठी खोली घे, मशीन तिथे लाव. कोण म्हणालं तुला?"

'आईकडे विषय काढू नकोस' कशासाठी होतं, ते आत्ता कळलं!

"कुणी नाही मावशी," म्हटलं. "मी दुसऱ्याच मुलीचं बोलत होते."