जमिनीवर ठेवलेला बॅटन

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मैदानावर मागून कुणी "काऊन वं" म्हणून ओरडलं की माझे पाय आपोआप जोरात पडायला लागतात. आता मीही अशाच एका सरकारी क्रीडा केंद्रावर मार्गदर्शक आहे. पोरींना स्पाइक्स वेळेवर मिळतात, ट्रॅक लाल आहे, आणि अंडी नीट उकडली नाहीत म्हणून माझ्याकडे तक्रारी येतात. मी रागावते, पण मनातून मला त्यांची कीवच येते. आपण जे पाहून थक्क झालो ते यांना कधी दिसणारच नाही, असं वाटतं. आमच्या भामरागडच्या पलीकडच्या गावात सरकार यायचं ते विचारायला. रात्री जंगलातून कोण आलं होतं, कुठं गेलं, कुणी जेवू घातलं. त्या वर्षी सरकार जीपमधून आश्रमशाळेत उतरलं, टेप काढला आणि मला म्हणालं, उडी मार. मी उडी मारली. त्यांनी ती मोजली, मग परत मोजली आणि एकमेकांकडे बघून हसले. माझ्या पायांत मोजण्यासारखं काही आहे हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

चंद्रपूरच्या क्रीडा केंद्रावर आले तर पहिल्या दिवशी मी खाटेवर झोपलेच नाही, गादी दाबून बघत बसले. भिंतीतून पाणी येतं. ताटात सकाळी अंडी, वर दुधाचा पेला. आमच्या माडिया लोकांत गाईचं दूध वासराचं असतं, माणसानं ते प्यायचं नसतं. मी पेला तसाच सरकवला. मेसवाल्या भाऊंनी कपाळाला हात लावला, "फुकटचं दूध आहे पोरी, सरकारी आहे!" तुम्ही शेजारून जात होतात. ट्रॅकसूट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, गळ्यात शिट्टी. तुम्ही म्हणालात, "तिले आंबील द्या भाऊ, नाचणीची. ताकद कायनंही येते." एवढं बोलून तुम्ही पुढं गेलात. नंतर कळलं की तुम्ही वडशाच्या, वडिलांचं बांगड्यांचं दुकान, आणि घरातून ट्रॅकसूट घालून निघणारी तुमच्या गल्लीतली पहिली मुलगी तुम्हीच. त्याच आठवड्यात तुम्ही आम्हाला स्टार्ट घेऊन दाखवलात. पन्नाशीकडे झुकलेली बाई चुन्याच्या रेषेवर वाकली आणि शिट्टीबरोबर अशी सुटली की आम्ही पोरी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. हरिण पळताना मी पाहिलं होतं. माणूस तसं पळू शकतो हे पहिल्यांदा पाहिलं.

मग ती सकाळ. हजेरीला मी नाही. मुली शोधतायत, चौकीदार विहिरीत डोकावतोय, आणि मी मैदानाच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या खोलीत, हर्डल्स आणि जुन्या गाद्यांच्या मागे गुडघे जवळ घेऊन बसलेली. तुम्ही दार ढकललंत. "काऊन वं, इथी काय करून राह्यली?" मी मोडक्या मराठीत सांगितलं की पाळी आली आहे, आमच्याकडे बाई या दिवसांत गावाबाहेरच्या कुर्माघरात राहते. इथं ते कुठं आहे ते मला माहीत नव्हतं. ही खोली सगळ्यांपासून लांब होती, म्हणून हीच असेल असं वाटलं. मला वाटलं, आता हसतील. तुम्ही एक हर्डल आडवा केलात आणि त्याच्यावर बसलात. "मलेही या दिवसांत नमाज नाई, रोजा नाई," तुम्ही म्हणालात. "पण धावाले मले कोणी मना केलं नाई. तुमच्यात धावणं चालते का?" मी म्हटलं, एकटीनं चालेल. माझा हात दुसऱ्याला लागू नये, माझ्या हातातलं दुसऱ्यानं घेऊ नये. नाहीतर त्या माणसाचं वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः चुना घेऊन मैदानाच्या कडेला एक वेगळी लेन आखलीत. त्या दिवसांत मी तिथं एकटी पळायची आणि माझं पाणी वेगळ्या मडक्यात असायचं. पोरी चिडवायच्या, "सरका सरका, ताडोब्याची वाघीण आली!" तुम्हीही हसायचात. आज ही गोष्ट सांगितली की शिकलेले लोक मला म्हणतात, तुमच्या बाईंनी तेव्हाच ते खूळ डोक्यातून काढायला हवं होतं. मी त्यांना काय सांगू? कुर्माघराची तरफदारी मी करत नाही. पावसात ते गळायचं, आत विंचू निघायचे, माझी आई त्यात तापानं फणफणलेली मी पाहिली आहे. मी आता ते मानत नाही. पण तेव्हा मला आमच्या देवांपासून तोडलं असतं तर मी पहिल्या एसटीनं घरी पळाले असते, आणि तेवढी धाव मात्र कुणी मोजली नसती.

राज्य स्पर्धा जवळ आली तसं केंद्रावर सगळ्यांची तोंडं सुकली. नियम सरळ होता, वर्षभरात पदक नाही तर नाव कमी. एकटीच्या शंभर मीटरमध्ये माझं काही होणार नव्हतं, ते मला आणि तुम्हालाही माहीत होतं. माझी आशा फक्त चार बाय शंभर रिलेवर होती. पहिली मुलचेऱ्याकडची बंगाली, दुसरी मी, तिसरी ब्रह्मपुरीची, आणि शेवटी गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यातल्या कामगाराची मुलगी, आमच्यात सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात तोंडाळ. आम्ही पुण्याला पोचलो आणि फायनलच्या आदल्या संध्याकाळी मला पाळी आली. मी तुम्हाला सांगितलं की मी पळणार नाही. नाव जाणार हे मला कळत होतं, घरी जाऊन काय करायचं तेही कळत नव्हतं. पण त्या तिघी माझ्या ताटाशेजारी जेवायच्या, माझ्या वेण्या घालायच्या. माझ्या हातातला बॅटन घेऊन त्यांच्यातल्या एकीचं काही बरंवाईट झालं तर?

सोबत आलेले वरचे साहेब वैतागले. "एक गोळी द्या न बाई, मोकळं करा." तुम्ही म्हणालात, "आता सुरू झाल्यावर गोळी काय करन साहेब? आन् पोरगी बिमार नाई. भेते, स्वतःसाठी नाई, दुसऱ्यासाठी भेते." मग तुम्ही मला घेऊन वसतिगृहाच्या पायरीवर बसलात आणि बोटानं धुळीत ट्रॅक काढलात. त्यावर चार खडे ठेवलेत. एकेक खडा बोटानं पुढं सरकवून बघितलात. अचानक विचारलंत, "तू दुसऱ्याचं घेतलं तर चालते?" मी म्हटलं, चालतं. आम्हाला जेवण आणून ठेवतातच की. फक्त आम्ही द्यायचं नाही. तुम्ही माझा खडा उचललात आणि सगळ्यात शेवटी नेऊन ठेवलात.

"मंग तू कोणाले देऊच नको. शेवटी धाव."

बाई, मला अजून तो खडा दिसतो. इतकी साधी गोष्ट, आणि जगात दुसऱ्या कुणालाही सुचली नसती, कारण दुसरं कुणी माझ्या बाजूनं बघायला बसलंच नसतं. मी तरी कुरकुरले, की बदलताना क्षणभर बॅटन दोघींच्या हातात असतो. "तेवढं माफ करन तो," तुम्ही म्हणालात. "तुमचा देव काई स्टॉपवॉच घेऊन नाई बसला."

खरी पंचाईत गडचांदूरच्या पोरीची. शेवटचा टप्पा तिचा, टाळ्या तिच्या, फोटो तिचा. तुम्ही तिला आज्ञा केली नाहीत, सगळं समजावून विचारलंत. ती तोंड फिरवून गेली आणि जेवायलाही आली नाही. सकाळी वॉर्मअपला माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "मी तिसरी धावतो. पण माह्या हातून घेऊन तू चौथी आली न, तर तुह्या देवाच्या आधी मीच तुले पाहून घेईन."

ती तिसऱ्या टप्प्यातून येतेय. वळणावर तिचा श्वास ऐकू येतो, ती माझं नाव ओरडते, मी मागे हात करते आणि बॅटन माझ्या मुठीत येतो. पुढचं मला फारसं आठवत नाही. पायाखाली लाल रंग होता आणि बाजूची मुलगी हळूहळू मागे गेली एवढं आठवतं. आम्ही दुसऱ्या आलो. तिघी मला मिठी मारायला धावल्या आणि मी बॅटन छातीशी धरून मागं मागं सरतेय, "नका येऊ, नका येऊ!" त्या थांबल्या. तिथल्या तिथं उड्या मारत, रडत राहिल्या. मग एक पंच बॅटन मागायला आले. मी तो वाकून जमिनीवर ठेवला. "हातात द्या की, हे काय नाटक?" ते ओरडले. तेवढ्यात तुम्ही दोरी ओलांडून आत आलात. प्रशिक्षकांनी तिथं यायचं नसतं. तुम्ही वाकलात, माझ्या डोळ्यांत बघत तो बॅटन उचललात, ट्रॅकसूटला पुसलात आणि पंचांच्या हातात दिलात. मग माझ्याजवळ आलात. मी मागं सरले, तुम्ही आणखी पुढं आलात. माझ्या चेहऱ्यावरून दोन्ही हात उतरवलेत आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं कडकडा मोडलीत. मला वाटलं, धावपळीनं तुमची बोटं आखडली असतील.

माझं नाव राहिलं. पुढचं सगळं त्यातूनच आलं, ही नोकरीसुद्धा. तुम्ही गेलात तेव्हा मी परराज्यात प्रशिक्षकाचा कोर्स करत होते. साधी कावीळ झाली होती म्हणे, थोड्या दिवसांत सगळं आटोपलं. सुट्टी मिळाल्यावर वडशाला तुमच्या घरी गेले. तुमच्या अम्मीला आता नीट दिसत नव्हतं. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी माझा चेहरा चाचपला, दोन्ही हात वरून खाली उतरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. अगदी तुमच्यासारखीच. मी विचारलं, अम्मी, हे काय असतं?

"बला घेतो बेटी. तुह्यावर जे काई वाईट असन, ते माह्यावर येवो."

माझ्या हातातला चहा निवला. त्यांना वाटलं मी तुमच्या आठवणीनं तो विसरले, आणि ते खोटंही नव्हतं. तुम्हाला माहीत होतं, बाई. त्या दिवसांत माझ्या हातचं घेतल्यानं काय होतं ते मीच तुम्हाला त्या पत्र्याच्या खोलीत सांगितलं होतं. तुम्ही ते विसरून बॅटन उचलला नव्हता. माझी भीती संपत नाही हे बघून, ती तुम्ही स्वतःच्या अंगावर घेतलीत, आणि मला एका शब्दानंही कळू दिलं नाहीत. इतकं मोठं काही माझ्यासाठी कुणी केलं असेल यावर आजही विश्वास बसत नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही आणि तुमच्या घरी वाचून दाखवण्याची माझी हिंमत नाही. मी पोरींना रोज सांगते की पाळीत काही वाईट नसतं, आणि ते खरं आहे, मी ते शिकले आहे, शिकवते आहे. एवढंच आहे, बाई, की तुम्ही गेल्याचं फोनवर ऐकलं तेव्हा मला आधी जमिनीवरचा तो बॅटन आठवला आणि भीती वाटली. रडू नंतर आलं.