लिंबावरची घाण

३ मार्च, मंगळवार

घाण करून ठेवलीय मेल्यांनी! एवढंसं लिंबाचं झाड आणि पानापानावर पाखरांची शीट. काळपट, मध्ये पांढरा डाग. अंगण काय त्यांच्या बापाचं आहे? आणि आमचे हे दिवसभर खिडकीशी पडून त्या घाणीकडेच बघत असतात. अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आता नजरेसमोर ही शोभा.

झाड ह्यांनीच लावलेलं. मला हात लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, तुझा हात जड आहे. आता सगळं माझ्याच हातात आलं ना? बागेला अक्कल कसली लागते. पाणी घालायचं, घाण काढायची.

थोरलीचा फोन. म्हणे, आई, तुला झेपत नाही, बाबांना मी नेते. माझ्याकडे लिफ्ट आहे, नर्स आहे. मी म्हटलं, बाग आहे का? मग ठरलं. पंधराला, रविवारी, ती येणार आणि बाबांनाच विचारणार. ते राहतो म्हणाले तर राहतील. नुसती मान हलवली तरी चालेल.

मला कसली चिंता? एवढा संसार झाला, मला सोडून जातात कुठे! तोवर बाग तेवढी चकाचक करायची.

५ मार्च, गुरुवार

सकाळीच साबणाचं पाणी आणि जुनं फडकं घेतलं. एकेक पान दोन्ही बाजूंनी पुसलं. पण शीट कसली चिवट! पानाला धरून बसते, बोटाखाली मऊ लागते. एकीला तर लाल शिंगं फुटल्यासारखी दिसली, वर उग्र वास. चष्म्याचा नंबर वाढला असणार.

हे इतके खूश! डाव्या हाताने काच बडवत होते. टाळी वाजवता येत नाही ना. तोंडाने आ आ, डोळ्यांत पाणी. मी बाहेरूनच ओरडले, पुरे कौतुक, अजून खालच्या फांद्या राहिल्यात.

व्यायाम करवून घेणाऱ्या मास्तरला सांगितलं, तुमच्या रबरी चेंडूने जे झालं नाही ते माझ्या फडक्याने केलं. आवाज फुटला माणसाला. तो म्हणाला, काकू, ते रडतायत. म्हटलं, आनंदाने रडत नाहीत का लोक?

८ मार्च, रविवार

भिंतीकडे तोंड करून पडलेत. दूध नको, औषध नको. चमच्याला दात लावून धरतात. पानं चकाकतात, ती डोळ्यांवर येत असतील. पडदा ओढला.

दुपारी शेजारची शिवणवाली आली. म्हणाली, वहिनी, लिंबावरच्या अळ्या कुठे गेल्या? मी म्हटलं, कसल्या अळ्या? म्हणे, फुलपाखराच्या. लहान असतात तेव्हा हुबेहूब शिटेसारख्या दिसतात, म्हणून पाखरं खात नाहीत. दादा रोज खिडकीतून बोट करून दाखवायचे, किती वाढल्या ते.

मी म्हटलं, तू तुझी मशीन चालव. हिला दाखवायचे! मलाही बोट करायचे म्हणा. मला वाटायचं पडदा ओढ म्हणतायत.

ती गेल्यावर, फडकं पिळलं होतं त्या मोरीच्या जाळीपाशी जाऊन आले. पाण्यात फुगली की शीट अशीच दिसणार. तिला पाय आहेत का ते बघत बसायला मला वेळ नाही. जाळी साफ करून टाकली.

११ मार्च, बुधवार

एक सापडली. कुंडीमागच्या फांदीवर, हिरवीगार, बोटाएवढी. मी हिला पुसली नाही म्हणजे मला बागेतलं कळतं.

बाहेर ठेवली तर मुंग्या खातील, मांजर खाईल, शिवणवाली श्रेय खाईल. काचेच्या बरणीत घातली, सोबत चार पानं, झाकण घट्ट. ह्यांच्या उशाशी खिडकीत ठेवली, छान ऊन येतं तिथे.

ह्यांनी मान वळवली. दिवसभर बघत होते. संध्याकाळी दूध प्यायले, सगळं. आणि डावा हात माझ्या हातावर ठेवला. हात पुसून घेत होते बहुतेक.

आता ठरवलं. रोज ताजी पानं घालायची, अळीवर ओरडायचं नाही, ह्यांच्यावरही नाही. रविवारचं तर पक्कंच झालं.

१२ मार्च, गुरुवार

बरणीत आतून वाफ धरलीय. अळी तळाशी आडवी, काळी पडलीय. झोपली असेल, फुलपाखरू व्हायच्या आधी झोपतात म्हणे. ह्यांना तेच सांगितलं.

हे म्हणाले, मेली.

स्पष्ट! झटक्यानंतरचा पहिला शब्द! मी धावत जाऊन थोरलीला फोन लावला. म्हटलं, बाबा बोलले! तिने विचारलं, काय बोलले? मी म्हटलं, ते महत्त्वाचं नाही.

१५ मार्च, रविवार

थोरली आली. जावई गाडीतच बसले. तिने बाबांचा हात धरून विचारलं, इथे राहता की येता?

मी आधीच सांगितलं होतं, घाई करू नकोस, त्यांना वेळ लागतो. वेळ लागला नाही. येतो म्हणाले.

मी म्हटलं, आजारी माणसाला प्रश्न कळत नाही, परत विचार. तिने परत विचारलं. तेच म्हणाले. मी म्हटलं, माझ्याकडे बघून सांगा. बघितलं नाही.

कपडे मीच भरले. औषधं मीच बांधून दिली. थोरली म्हणाली, आई, तूही चल. म्हटलं, झाडाला पाणी कोण घालणार?

१७ मार्च, मंगळवार

चादर काढून धुतली. मग त्यांच्या जागी जरा आडवी झाले, पाठ दुखत होती म्हणून. तिथून झाड दिसतं. तेवढंच दिसतं. स्वच्छ आहे. दिवसभर त्यावर काहीही आलं नाही.

थोरलीला फोन केला. म्हटलं, बाबांना विचार, घरी कधी येणार. ती म्हणाली, बघू गं. मी म्हटलं, बघू बिघू मला चालत नाही. आता त्यांना बोलता येतं, एक शब्द पुरे. येतो की नाही येत, हो की नाही. शुक्रवारपर्यंत कळवा.