बियाण्यालाही ठेवू नका

प्रिय प्रेसिडेंटसाहेब,

सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झालीत. तुमच्या घराचं, म्हणजे आताच्या म्युझियमचं, कुलूप मी आत्ताच काढलं. साडेदहाला पहिली टूर आहे. आणि बरोबर बारा वाजता, इथून दीड तासावर अल्फारेटात, ईशाचा साखरपुडा आहे. गाडीची किल्ली टेबलावर समोरच पडलीय. आत्ता निघालो तर अंगठी घालायच्या आधी मी तिच्या घरच्या बेसमेंटमध्ये उभा असेन. सगळ्यांसमोर तिला विचारेन. काय विचारायचं तेही पाठ केलंय.

जाऊ की नको? म्हणून तुम्हाला लिहितोय. दुसऱ्या कोणाला विचारणार? एका मुलीसाठी नदी ओलांडून गेलेले मला माहीत असलेले तुम्ही एकटेच!

तुम्हाला मराठी येत नाही, ते बरंच आहे. इंग्रजीत मी तुमच्याबद्दल रोज तीनदा इतकं गोड बोलतो की खरं बोलायला ती भाषा आता शिल्लकच नाही.

मी बारा वर्षांचा होतो तेव्हा तुमच्याकडे पहिल्यांदा आलो, आठवतंय का? चार-पाच मराठी घरांची पिकनिक होती. रस्त्यावर उकडलेल्या शेंगा घेतलेल्या, त्यांनी खारट झालेली बोटं तशीच घेऊन मी तुमच्या खुर्चीवर बसलो. शेजारच्या खुर्चीवर ईशा. गाईडनं सांगितलं, ही दुसरी खुर्ची प्रेसिडेंटनं आपल्या प्रेयसीसाठी करून घेतली होती, ती कधी आलीच नाही, खुर्ची रिकामीच राहिली. ईशाच्या आईनं, नीता मावशीनं, आमचा फोटो काढला. मावशी हसत म्हणाली, "घ्या, राष्ट्रपती आणि राष्ट्रपतीण!" सगळे हसले. मी मात्र ते मनावर घेतलं. दहा वर्षं मनावर घेऊन बसलो.

तुमची गोष्ट मला तेव्हाच तोंडपाठ झाली. दोनेकशे वर्षांपूर्वीचा, किनाऱ्यावरच्या गावातला वकिलीचा विद्यार्थी. मुलीच्या बापानं विचारलं, तुझ्याकडे आहे काय? तुम्ही शिक्षण अर्ध्यात टाकलंत, पाच-पन्नास माणसं गोळा केलीत, आणि जिथं अमेरिकेचा कायदा संपत होता ती नदी ओलांडलीत. पलीकडे टेबलक्लॉथचा झेंडा शिवून नवं प्रजासत्ताक काढलंत. पहिले अध्यक्ष तीन आठवड्यांत तापानं गेले. दुसरे तुम्ही. वय वर्षं सव्वीस! आणि मग तुम्ही तिला पत्र लिहिलंत: तुझ्या वडिलांना सांग, माझ्याकडे आता एक देश आहे, आणि त्यात तुझी खुर्ची आहे.

यार, काय लिहिलंत! इथे बायका रडतात ते वाचून. मीही रडलोय.

दीड वर्षापूर्वी मीही नदी ओलांडली. माझी नदी म्हणजे अख्खा देश. ईशाला देशाच्या दुसऱ्या टोकाला, बॉथेलमध्ये, बायोटेकमधली नोकरी लागली. मी तिसऱ्या वर्षात कॉलेज सोडलं, गाडीत सामान टाकलं आणि पाच दिवस ड्राइव्ह करून तिच्या दारात उभा राहिलो. दार तिनंच उघडलं.

"ओंकार? तू इथे?"

"तुझ्यासाठी आलो. कॉलेज सोडलं."

"मी सांगितलं होतं तुला सोडायला?"

तुम्हाला कोणी विचारलं होतं का हे? त्या मुलीनं तुमच्याकडे देश मागितला होता का हो? तिचं उत्तर आमच्या म्युझियममध्ये नाही. टूरमध्ये मी सांगतो, वाटेत हरवलं असेल. कशावरून? लिहिलंच नसेल तर?

घरी परत आलो तेव्हा बाबा नागपुरी ठसक्यात म्हणाले, "आले का प्रेसिडेंटसाहेब? काऊन बाप्पा, राज्य बुडालं?" महिन्याभरात मी खरंच तुमच्याकडे नोकरीला लागलो. मिस डॉटी, ही जागा सांभाळणाऱ्या सत्तरीच्या बाई, यांनी मला तुमचा निळा कोट दिला, म्हणजे तुमच्या कोटाची नक्कल. बाह्या लांब होत्या. त्या म्हणाल्या, "तू पहिला ब्राऊन प्रेसिडेंट, हनी. त्यालाही कळू दे जग बदललंय." त्या कोटात मला फार बरं वाटायचं. हरलेला असूनही थोर.

आता मागच्या गुरुवारचं सांगतो. तुम्हाला माहीतच आहे, तुमच्याच भिंतीवर घडलंय.

मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साखरपुड्याचं आमंत्रण आलं. तिचा फोटो, शेजारी बॉथेलचाच कोणी मुलगा. मी भिंतीवर बुक्की मारली. जोरात. तुमच्या पत्राची फ्रेम खाली पडली आणि काच फुटली. घाबरून कागद उचलला. तुमचं ते पत्र, कच्चं लिहिलेलं, जे मी रोज लोकांना वाचून दाखवतो. कागद हातात उलटा झाला.

मागेही लिहिलेलं होतं.

तेव्हा तिकडे कागद मिळत नव्हता, हे मीच टूरमध्ये सांगतो. म्हणून एकाच कागदाच्या दोन्ही बाजूंना तुम्ही कच्चं लिहिलंत. तारीख एकच. शाई एकच. अक्षर तुमचंच, ते लांब शेपटीचं. हुकूम होता. नदीकाठच्या गावातली, म्हणजे तुमच्या आधीपासून तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मूळ अमेरिकन लोकांची, मक्याची सगळी कोठारं पहिल्या हिमाआधी जाळा. बियाण्यालाही ठेवू नका.

मी तिथंच काचांमध्ये खाली बसलो.

प्रेमाच्या बाजूला तीन ठिकाणी खाडाखोड आहे. "प्रिय" लिहून खोडलंय, पुन्हा लिहिलंय. हुकमाच्या बाजूला एकही खोड नाही. एकही नाही हो! तिला लिहिताना तुम्ही अडखळलात आणि हे लिहिताना अडखळला नाहीत?

आधी कोणती बाजू लिहिलीत? मला हे फार छळतंय. हुकूम लिहून झाल्यावर पान उलटून तिला लिहिलंत का? की तिला लिहिता लिहिता सुचलं, की देश द्यायचा तर जमीन हवी, आणि जमिनीवर माणसं आहेत?

माझी आजी मला पानात एक घास टाकू देत नसे. अन्नाला पाय लागला तर नमस्कार करायला लावायची. मी फार धार्मिक नाही. पण बियाण्यालाही ठेवू नका हे वाचलं, ते त्या आजीच्या नातवानं. या वर्षीचं अन्न जाळणं एक. पुढच्या वर्षीचंही?

मिस डॉटींना फोन केला. काय सापडलं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला तीस वर्षं माहीत आहे, हनी."

"मग तुम्ही ती बाजू भिंतीकडे करून ठेवलीत?"

"लोक दोन तास ड्राइव्ह करून प्रेमाची बाजू बघायला येतात. मक्याची नाही."

त्या दिवसापासून मी तुमचे मागच्या खोलीतले बाकीचे कागद वाचून काढले. जे कोणी मागत नाही ते. तुमची माणसं त्या गावाकडूनच मका घेऊन जगत होती, हे तुम्हाला माहीत नव्हतं? तुमच्याच हिशेबनिसानं लिहिलंय: मीठ आणि भांडी देऊन मका आणला. एकदा नाही, अनेकदा. ज्या कोठारातून तुमच्या पोरांच्या पोटात जात होतं, तेच तुम्ही पेटवलंत! त्या हिवाळ्यात तुमचीही मुलं मेली. वसंतात सरकारचे सैनिक आले तेव्हा लढायला कोणी उभं राहू शकत नव्हतं. एकही गोळी न उडता तुमचं प्रजासत्ताक संपलं. टूरमध्ये मी म्हणतो, "त्यांनी रक्तपात टाळला." शाबास मला!

आणि पलीकडच्या गावात किती गेले? कोणी लिहूनच ठेवलं नाही. गावाचं नावसुद्धा नाही.

तुमच्या रोजनिशीतलं एक वाक्य मी टूरच्या शेवटी म्हणतो, खिडकीशी उभा राहून, आवाज खाली आणून: "पलीकडचा काठ आता शांत आहे." लोक उसासे टाकतात. त्यांना वाटतं विरहात बुडालेला माणूस बोलतोय. मलाही तेच वाटायचं. साहेब, तो काठ का शांत होता, हे तुम्हाला माहीत होतं. तरी तुम्ही ते इतकं सुंदर लिहिलंत!

नऊ वाजून चाळीस मिनिटं. किल्ली अजून टेबलावरच आहे.

काल आईचा फोन आला होता. "आम्ही जातोय उद्या. तू येऊ नकोस."

"नीता मावशीनं सांगितलं का तसं?"

"ती कशाला सांगेल? मी सांगतेय."

"आई, माझं प्रेम आहे तिच्यावर."

"मग?" आई म्हणाली. फक्त एवढंच. मी चिडून फोन ठेवला.

बॉथेलची गोष्ट मी मित्रांना कशी सांगतो माहीत आहे? "दोन दिवस बसलो तिच्या बिल्डिंगसमोर, गाडीत, पावसात!" मित्र पाठीवर थाप मारतात. माझीही एक टूरच आहे ती. त्यातली मागची बाजू मी कधी सांगितली नाही. तुम्हाला सांगतो.

दुसऱ्या दिवशी तिची रूममेट खाली आली. काचेवर टकटक केलं. म्हणाली, "ती काल ऑफिसला गेली नाही, आजही नाही. पडदे लावून बसलीये. दिवा पण लावू देत नाही, तुला वाटेल जागी आहे म्हणून. प्लीज जा. नाहीतर मला पोलिसांना बोलवावं लागेल."

आणि दार उघडलं तेव्हाचा ईशाचा चेहरा. मी इतके दिवस म्हणत आलो, ती गोंधळली, आनंदानं काय बोलावं कळेना. नाही. ती घाबरली होती. मी तिला तिच्याच घरात कोंडलं होतं, आणि बाहेर बसून मी स्वतःसाठीच रडत होतो.

माझा काठही शांत झाला होता, साहेब. पडदे लावलेला.

तुम्ही किती वर्षं जगलात नंतर? जवळपास तीस. याच घरात, दुसऱ्यांच्या जमिनी मोजून देत. त्या मुलीनं गावातल्या दुकानदाराशी लग्न केलं, तिला पुष्कळ मुलं झाली. तुम्ही गेलात तेव्हा तीन-चार दिवस कोणाला कळलं नाही. तुम्हाला मी जीव लावला तो या शेवटासाठी. आता रागही येतो आणि जीवही तुटतो. सव्वीस म्हणजे माझ्याहून चारच वर्षांनी मोठे. दादा म्हणावं एवढेच. दादा, तेव्हा तुम्हाला "मग?" विचारणारं कोणी नव्हतं का? की असूनही तुम्ही चिडून निघून गेलात?

दहा वाजले. मिस डॉटींना पुन्हा फोन केला. मी म्हटलं, "आज टूरमध्ये दोन्ही बाजू वाचायच्यात. आधी मागची. विचारायला फोन केलाय." मी आयुष्यात काही करण्याआधी विचारलं, ते बहुतेक पहिल्यांदाच.

त्या म्हणाल्या, "मी आज जरा उशिरा येईन, हनी." नको न म्हणता फोन ठेवला.

आता एक वाजून दहा मिनिटं झालीत. मधे लिहिणं थांबवलं, ग्रुप आला होता. चर्चची म्हातारी माणसं, चौदा-पंधरा. मी मागची बाजू वाचली, मग पुढची. कोणी रडलं नाही. खुर्च्यांशी कोणी फोटो काढला नाही. निघताना एका बाईंनी विचारलं, "त्या गावात लहान मुलं होती का?"

"असणारच."

"मग त्यांचं काय झालं?"

"मला माहीत नाही, मॅम. कोणी लिहिलं नाही."

बाई रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. चटका बसल्यासारखा त्यांनी तो काढून घेतला.

आईचा मेसेज आलाय: "झालं सगळं नीट." खाली फोटो आहे. ईशा हसतेय, मागच्या खिडकीचे पडदे उघडे आहेत. मी फोटो मोठा करून पाहिला नाही. पाहावासा वाटला, खोटं कशाला बोलू? छातीत अजून जळतंय. ते माझं माझ्यापाशी जळू दे.

तुम्हाला वचन देतो. तिच्या दाराशी मी पुन्हा जाणार नाही, आणि ही गोष्ट कोणाला शौर्य म्हणून सांगणार नाही. तुमची टूर रोज मागच्या बाजूनं सुरू होईल, मिस डॉटी मला ठेवतील तोवर. त्या गावाचं नाव कुठल्या कागदात, कोणाच्या घरात सापडतं का ते मी शोधेन. त्या लोकांचे वंशज कुठेतरी असतील. त्यांना भेटायला जाईन तेव्हा आधी पत्र पाठवून विचारेन, येऊ का? नको म्हणाले, तर जाणार नाही.

किल्ली ड्रॉवरमध्ये टाकलीय. अडीचला पुढची टूर आहे.

आजपासून तुमचा कोट न घालणारा,
ओंकार