आत्याबाईंचं औषध

तानू,

तू विहिरीवरून परत येशील तेव्हा मी बाळाला घेऊन जळगावच्या गाडीत बसलेली असेन. ते अजून दूध ओढत नाही आणि हातपाय थरथरतात. भाकरी टोपलीत झाकल्या आहेत.

मागच्या खेपेला दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, "पोटुशी असताना दारू घेत होतीस का?"

मला राग आला. म्हटलं, "आमच्या घरात कुणी दारू पीत नाही. मी फक्त औषध घ्यायची."

"कसलं औषध?"

"मोहाच्या फुलांचं."

 त्या हळूच म्हणाल्या, "अगं, तू पितेस तेच बाळही पितं."

(आत्ता बाळ रडलं असं वाटून उठले. मांजर होतं.)

तू या घरात नवी, तुला ठाऊक नसेल. दारूबंदी झाल्यापासून आत्याबाई त्या बाटलीला औषधच म्हणतात. "कंबर दुखस ना? पी ले, औषध शे." वास मला कळत होता. पण या घरात माझ्या कंबरेची चौकशी त्या औषधाच्या वाटीबरोबरच व्हायची, म्हणून रोज संध्याकाळी मी वाटीची वाट बघायची.

आता तुला सातवा लागला आहे. वाटी तुझ्याकडे येईल, ती सासूच्या मायेनंच येईल. तरी घेऊ नकोस.

चुलीजवळ वीट तापत ठेवली आहे. फडक्यात गुंडाळून कंबर शेक. आत्याबाईंनी विचारलं तर सांग, जाऊबाईंनी औषध देऊन ठेवलं आहे.

इंदिरा