दक्षिणेवरचा रुपया

४ नोव्हें. १९५४, गुरुवार. डोंबिवली
आज पुन्हा अप्पांना वर पोथी वाचायला बोलावलं. वर म्हणजे घरमालक लेल्यांकडे. महिन्याचा पहिला गुरुवार आला की लेलेकाकू जिन्यातून हाक मारतात, "अप्पा, पाट मांडलाय हो!" अप्पांना सकाळी काय जेवले ते आठवत नाही, पण पोथीत एक अक्षर चुकत नाहीत. दक्षिणेचं पाकीट छातीशी धरून खाली आले. "माझी कमाई," म्हणाले. आत दहाची नोट. माझ्या शिकवण्यांवर दोघांचं भागत नाही, दूधवाला तोंड वाकडं करतो. परत कुठल्या तोंडाने करू?
पण दहा? दक्षिणा कोणी अशी पुरी देतं का? दहावर एक रुपया ठेवतातच. आणि लेले म्हणजे भटजींना सव्वा रुपयात वाटेला लावणारे. काहीतरी शिजतंय.

७ नोव्हें.
लेल्यांना आमची खोलीच हवी असणार. नवा भाडेकरू पागडी मोजेल. उद्या म्हणतील, इतके महिने पैसे खाल्लेत, आता जागा सोडा. मग अप्पांना घेऊन कुठे जाऊ?
दादाचंही तेच टुमणं होतं. "खोली सोड, मालक देतील ते घे, अप्पांना कोपरीला माझ्याकडे आण." अप्पांना इथली विहीरसुद्धा ओळखीची, तिथे ते बावरतील. मी फटकन म्हटलं, तुझा एक पैसा या घरात नको. गणपतीपासून फिरकला नाही. बरंच झालं. नाही, बरं नाही झालं.

१२ नोव्हें.
विहिरीवर काकूंना गाठलंच. "काकू, दक्षिणा दहाच कशी हो?"
हातातला दोर सुटता सुटता राहिला. "अगं, घाईत वरचा रुपया राहिला असेल." आणि घागर अर्धीच घेऊन गेल्या. बाईंना खोटं बोलायची सवय नाही.

२ डिसें., गुरुवार
अकरा! म्हणजे माझं बोलणं कोणाच्या तरी कानावर गेलं.
जेवताना अप्पा म्हणाले, "दादा येतो ना पोथीला. दाराआड बसतो. खाली का येत नाही गं? तुला भितो का?"
घास हातातच राहिला. पण अप्पांचं काय, परवा त्यांना आईही विहिरीवर दिसली. आईला जाऊन सहा वर्षं झाली.
दादाचा पगार एक तारखेला होतो. हे मला आधी कसं सुचलं नाही! माझा शब्द मोडायचा नाही म्हणून अप्पांच्या हाती देत असेल? की तो आणि लेले मिळून खोलीचं जमवतायत? रडू आलं, रागही आला. कुठला आधी, सांगता येत नाही.

६ जाने. १९५५, गुरुवार
अप्पा वर गेले. मी खाली जिन्याशी तांदूळ निवडत बसले. पोथी संपली. अप्पा भिंतीला धरून उतरले, त्यांच्यामागे चपला वाजल्या आणि वळणावर थांबल्या. मान वर करायचा धीर झाला नाही. मोठ्याने म्हटलं, "अप्पा, चहा टाकतेय. तीन कप." दार उघडं टाकून आत आले.
अप्पांनी दोनदा विचारलं, तिसरा कोणाचा. आला तर आधी खोलीचं विचारणार आहे, मगच बस म्हणेन.
चहा निवलाय. चपला खाली आल्या नाहीत, वरही गेल्या नाहीत. कपावर बशी झाकून ठेवलीय.