तिसऱ्या बाकावरचा हात

जालना, मार्च १९७४

कौसल्या,

आशीर्वाद लिहायचा हक्क मला न्हाई.

दुष्काळात तुझे मायबाप गेले अन् वाटूरहून तुला आमच्या चर्चमधे आणलं. पाळकसाहेबांनी विचारलं, "हिला कोण घर देईल?" कुणी हललं न्हाई. मंग म्हणाले, "डोळे मिटून प्रार्थना करू."

सगळ्यांनी डोळे मिटल्यावर तिसऱ्या बाकावरून मी हात वर केला. तुझेच डोळे उघडे होते. माझ्याकडं बघून हसलीस.

एकट्या बाईला लोक काय म्हणतील, या भीतीनं 'आमेन'च्या आत मी हात खाली घेतला. दुसऱ्या दिवशी तुला दूरच्या आश्रमात धाडलं.

पत्ता पाळकसाहेबांकडं आहे. मागितला तर विचारतील, ती तुमची कोण?

आता प्रार्थनेत माझे डोळे मिटत न्हाईत.

तू पाहिलेली,
एस्तेरबाई